दिगू, हॉटेल उघडे होते का?

दिगू, एका प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी हा लेख लिहायला घेतला आहे. प्रश्न असा: रेणू सैन्याच्या प्रशिक्षणाला गेल्यापासून दर रविवारी दुपारी तू तिला फोनवर जे सांगत होतास, ते खोटे होते की नव्हते?

प्रश्न एका वाक्यात मांडता आला नाही तर तो आपल्याला कळलेलाच नाही, असे मी वर्गात सांगत असे. तू माझ्या वर्गात कधी नव्हतास, तरी हे वाक्य तू माझ्यापेक्षा जास्त वेळा म्हटले असशील, तेही मान तिरकी करून, माझ्या आवाजाची नक्कल करत. आत्ता असतास तर मागून म्हणाला असतास, "अक्का, गेलेल्या माणसाची परीक्षा घेतात का गं कुठं?" घेत नाहीत. पण तू गेल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही, आणि उत्तर निघाल्याशिवाय मी फळा पुसत नाही, हे तुला ठाऊक आहे.

हे आपल्या मंडळाच्या अंकात छापले जाणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी इतकेच सांगते. आपण तिघे काचीगुड्याला, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर राहत होतो. मी थोरली, अविवाहित, मराठी शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. तू माझा धाकटा भाऊ, मालवाहतुकीच्या कचेरीत कारकून. रेणू तुझी मुलगी. तिची आई ती पाळण्यात असतानाच गेली, म्हणून तिला न्हाऊमाखू घातले मी आणि लाडावले तू. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी ही माहिती दुसऱ्या कुणी चौकटीत लिहिली आहे. मला तिच्यात तू सापडला नाहीस.

रविवारची पद्धत मात्र नीट सांगायला हवी. प्रशिक्षण केंद्रात मुलींचे मोबाईल जमा करून घेतात आणि फक्त रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, थोड्या वेळासाठी परत हातात देतात. तो थोडा वेळ किती, हे उस्तादांच्या मर्जीवर. शिकवणाऱ्या हवालदारांना तिथे उस्ताद म्हणतात, हे आपल्याला रेणूकडून कळले तेव्हा तुला कोण आनंद झाला होता. "अक्का, आपल्याकडं गाणारे उस्ताद, गाड्या दुरुस्त करणारे उस्ताद. आता हे बंदूकवाले पण आपलेच निघाले की!" त्या उस्तादांची शिटी वाजली की बोलणे जिथे असेल तिथे तुटत असे.

त्यामुळे रविवारी आपली जेवणे लवकर उरकत. तू छताचा पंखा बंद करायचास, कारण त्याच्या खडखडीत रेणूचा आवाज बुडतो. भर उन्हाळ्यातसुद्धा. तू खिडकीजवळच्या खुर्चीत, मी समोर पलंगाच्या कडेवर, आणि मध्ये स्टुलावर मोबाईल. घामाने कपडे अंगाला चिकटत आणि आपण दोघे वाट पाहत बसायचो. त्या वेळी तू कधी बोलत नसायचास. तुझ्या आयुष्यातला तेवढाच वेळ तू न बोलता काढला असशील.

पहिली पाळी माझी. मी माझे प्रश्न बोटांवर बांधून ठेवले होते. अंगठा म्हणजे पाय, बुटांनी फोड आले का. तर्जनी म्हणजे जेवण. मग झोप, मग ताप-खोकला, आणि करंगळीला सोबतच्या मुली. वेळ थोडा असला की क्रम लागतो आणि क्रम असला की काही सुटत नाही. तू कपाळावर हात मारून घ्यायचास.

"झाली का हजेरी, अक्का? आता पोरीला जरा मोकळं सोड."

"ती तिथे एकटी आहे. तिला काय हवं-नको ते विचारणं आपलं काम आहे."

"एकटी कायकू? खंडीभर पोरी हैत एका बराकीत. दिवसभर विचारायलेच आहेत की तिला सगळे. नाव काय, नंबर काय, पट्टा ढिला कायकू. तिला कुणीतरी सांगणारा पाहिजे."

हा आपला वाद. दूर असलेल्या मुलीला घरच्यांनी विचारावे की सांगावे? तो आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. खरे तर तो तुझ्या लहानपणापासूनच चालू होता. आई तुला तेल आणायला पाठवायची आणि तू बाटली दुकानातच विसरून गल्लीची बातमी घेऊन यायचास. आई रागवायची. मी बाटली आणायला पुन्हा जायची, आणि जाताना मनातल्या मनात तू सांगितलेली बातमी पडताळून पाहायची. बहुतेक वेळा ती निम्मी खरी निघे.

माझी बोटे संपली की तू खुर्ची पुढे ओढायचास आणि खिडकीतून कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलाकडे बघत सुरू व्हायचास.

"हौ बेटा, आत्ताच आलोय चहा पिऊन. पायी गेलतो, पायी आलतो. आज चाचांचा मूड खराब होता. पंख्याखालच्या टेबलासाठी दोघं भांडायले. चाचा गल्ल्यावरनं म्हणले, पंखा मेरा है, हवा अल्ला की है, तुम दोनों का क्या है?"

पलीकडे रेणू हसायची. "बिस्किट कसं होतं बाबा?"

"गरम. पडलं चहात."

"चमच्यानं काढलं?"

"मंग काय सोडतोय का?"

रेणू लहान असताना बिस्किट चहात फार वेळ बुडवून धरायची. ते तुटून तळाला जायचे, आणि तू चमच्याने काढून तिला भरवायचास. खांबाजवळचे टेबल, तू बशीतून पिणार, मी कपातून, ती तुझ्या मांडीवर. एवढ्या आठवणीवर तुम्ही दोघे किती रविवार काढलेत.

दिगू, ते हॉटेल बंद होते.

रेणू गेली त्याच आठवड्यात बंद झाले. जागा विकली गेली, शटर खाली आले, आणि गल्ल्यावरचे चाचा कुकटपल्लीला मुलाकडे राहायला गेले. पायरीवर लोक स्कूटर लावू लागले. पहिल्या रविवारी तू फोनवर ते उघडे असल्याचे सांगितलेस तेव्हा मला वाटले तू बोलण्याच्या भरात चुकलास. मी हाताने खूण केली. तू माझ्याकडे न पाहता ओठांवर बोट ठेवलेस.

फोन संपल्यावर मी म्हणाले, "चुकीचा नकाशा देतोयस तू पोरीला."

"ती कुठनं गेली? इथनं ना? मग तिला इथंच परत येऊ दे."

"पण ते 'इथं' राहिलेलं नाही, दिगू."

"तू पेपर तपासायलीस का? मी माझ्या पोरीशी बोलायलोय."

त्यानंतर मी त्या विषयावर बोलले नाही. तुला कधी सांगितले नाही ते आज सांगते. माझी पाच बोटे संपली की मी पलंगावर थोडी पुढे सरकून बसत असे, कारण या रविवारी चाचा काय म्हणाले हे मलाही ऐकायचे असे.

मग तुझे पाय सुजू लागले. हृदय थकले आहे, जिने चढायचे-उतरायचे नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले. भरतीच्या तयारीसाठी अंबरपेठच्या मैदानावर पहाटे रेणूच्या बाजूने सायकल चालवत "अजून एक, बेटा, अजून एकच फेरी" असे ओरडणारा तू, खोलीतून मोरीपर्यंत जायचे तरी भिंतीला हात लावून जाऊ लागलास. तुझ्या पोटरीवर अंगठ्याने दाबले तर खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. रविवारी मात्र तुझे वाक्य तेच. पायी गेलतो, पायी आलतो. मी समोर बसून अंगठा दुमडून रेणूला विचारत होते, तुझे पाय कसे आहेत.

मी म्हटले, तिला सांगू या. तू म्हणालास, "फायरिंगची परीक्षा होऊ दे." मधेच घरी येऊन मुलगी जास्त दिवस राहिली तर तिला मागून आलेल्या तुकडीत टाकतात आणि कितीतरी आठवड्यांचे सगळे पुन्हा करावे लागते, हे खरे होते. "माझ्यापायी तिला नापास नक्को करू, अक्का." नापास हा शब्द तू मुद्दाम निवडलास. माझ्यापुढे कोणता शब्द चालतो, हे तुझ्याइतके कुणाला माहीत होते?

शेवटी शेवटी तुला मान वळवणेही जड झाले. खुर्ची खिडकीजवळच होती, पण बाहेर मला बघावे लागे.

"काय दिसायलंय, अक्का?"

"शटर बंद आहे. पायरीवर स्कूटर आहे."

"नीट बघ."

हे वाक्य माझे होते. लहानपणी तुझे गणित चुकले की मी पाटी पुसू देत नसे. उत्तर तिथेच आहे, नीट बघ, असे म्हणत असे. मी पुन्हा पाहिले. शटर बंदच होते.

"काही ऐकू यायलंय? कप-बशी?"

"नाही, दिगू."

तू डोळे मिटून हसलास. "नक्को, राहू दे. तुला नाही जमायचं."

आपले शेवटचे मोठे बोलणे हेच. दोन दिवसांनी दुपारी तू ताक मागितलेस. मी पेला घेऊन दारात आले आणि तुझ्याकडे पाहण्याआधी मला एक गोष्ट जाणवली. पंखा फिरत होता आणि त्याची खडखड मला ऐकू येत नव्हती. ती आजतागायत नीट ऐकू आलेली नाही. शेजारीण म्हणते, पंखा पूर्वीसारखाच वाजतो.

तातडीसाठी केंद्राने दिलेल्या क्रमांकावर मी फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, हौसला रखिए, बच्ची को आज ही निकाल रहे हैं." पण तिचा प्रवास लांबचा होता आणि तुला तितके थांबवता येत नव्हते. अंबरपेठच्या स्मशानात एका गृहस्थांनी विचारले, मुलगा नाही का? मी म्हटले, मुलगी आहे, वाटेत आहे. अग्नी मी दिला.

रेणूला आणायला मी स्टेशनवर गेले. तुला ती ओळखू आली नसती, किंवा तुला लगेच आली असती. केस कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला, खांदे रुंद झालेले. माझ्या पायांना हात लावला आणि वर उठताना क्षणभर तिने माझ्या खांद्यावर डोके टेकवले. रडली नाही. पाठीवर पिशवी टाकून निघाली.

स्टेशनपासून घराकडे येताना मी तिला मागच्या गल्लीने आणू लागले. तुझ्या नकाशातले हॉटेल तिला त्याच दिवशी बंद दिसू नये, एवढाच हेतू होता. बाप गेलाच होता, आणखी काही जायला नको.

"आत्या, इकडून कायकू?"

"जवळ पडतं."

"लांब पडतं." ती थांबली. "हॉटेल बंद आहे म्हणून ना?"

मी मागे वळून तिच्याकडे पाहिले.

"मला माहीत आहे. मी गेले त्या सकाळी ऑटोतनं दिसलं ना. टेम्पोत खुर्च्या चढवायले होते. चाचा फूटपाथवर उभे होते बिस्किटाची बरणी पोटाशी धरून. बाबा दुसऱ्या बाजूला बघत होते, त्यांना नाही दिसलं. मी म्हटलं, फोनवर सांगू. तर पहिल्या रविवारी तेच म्हणले, हॉटेल मस्त चालू आहे. मी म्हटलं ठीके, चालू तर चालू."

"मग तू बिस्किटाचं विचारायचीस ते?"

"अय्यो, मजा यायची आत्या! ते सांगायचे, मी आणखी खोदायची. बराकीतल्या पोरी वाट बघायच्या. एक आसामची आहे, ती दर रविवारी विचारते, आज तेरे चाचा क्या बोले?" मग तिचा आवाज बदलला. "पहिले दोन महिने मी त्याच्यावर काढलेत."

म्हणजे दिगू, तुला माहीत होते आणि तिलाही माहीत होते. तिला माहीत आहे हे तुला कळले होते का, हे मला आता कधीच कळणार नाही. त्या खोलीत एकच माणूस नकाशा चुकला म्हणून काळजी करत बसला होता, आणि तो बोटे मोजत होता.

मला वाटले, चला, माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पण संध्याकाळी रेणू तुझ्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आत्या, एक गणित सोडव. हॉटेल बंद आहे. बाबा रोज पायी हॉटेलात जातात. तर बाबा कुठं जातात?"

मी तुझ्या खुर्चीकडे पाहिले.

"एवढं साधं गणित. मी केलंच नाही. मला वाटलं, दुसऱ्या हॉटेलात जात असतील. आणि टेन्शन पण नव्हतं. बाबांचं ऐकायचं मजेसाठी. पण बाजूला तू बसलेली असायचीस ना. म्हणजे घरात सगळं ठीक आहे. तू खोटं बोलत नाहीस."

"मी खोटं बोलले नाही, रेणू. एक शब्दसुद्धा नाही."

"हौ," ती म्हणाली. अगदी तुझ्यासारखे. "तू फक्त विचारत होतीस. विचारणाऱ्याला कोण विचारतं?"

दिगू, मी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारत आले. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

दिवस झाले, लोक येऊन गेले. तिची रजा संपत आली तरी पिशवी भरलेली दिसेना. मी विचारले, तेव्हा ती खिडकीत पाठ करून उभी होती.

"मी नाही जात."

"पळणं झेपत नाही?"

"पळणं झेपतं. पहिल्या पाचात येते मी." ती वळली. "रविवारी फोन हातात येईल. तू म्हणशील, पाय कसे आहेत, जेवलीस का. आणि इकडं तू जिन्यात पडलेली असशील. मला कसं कळणार? आता कुणाच्या आवाजाच्या भरवशावर जाऊ मी? तिकडं नेम धरायचा तर डोकं शांत पाहिजे, आत्या. एका आवाजाचा तरी भरवसा पाहिजे."

त्या वेळी मला कळले की तू तिच्यासाठी जे जे मांडून ठेवले होतेस, पहाटेच्या फेऱ्या, सायकल, चाचांचे बोलणे, ते सारे आता माझ्या आवाजावर येऊन टेकले होते. आणि त्या आवाजाला बातमी द्यायची सवय नव्हती. मी म्हटले, "नियम सांग. मी पाळते."

ती माझ्यासमोर बसली आणि तिने एक बोट वर केले.

"पहिल्यांदा मी विचारणार. तू खरं सांगायचं. पाय सुजला तर सुजला, एकटं वाटलं तर एकटं वाटलं. मला झेपणार नाही म्हणून झाकायचं नाही." दुसरे बोट वर केले. "मग बाबांचं."

"बाबांचं म्हणजे?"

"हॉटेलचं. ते पण पाहिजे मला. आधी खरं, मग बाबांचं. दोन्ही जमत असेल तर जाते."

"पहिलं जमेल. दुसरं मला येत नाही, रेणू. मी कधी केलं नाही ते."

"त्यांच्या खुर्चीत बस. येईल."

दुसऱ्या दिवशी ती गेली. या वेळी समोरच्या रस्त्याने गेली, आणि जाता जाता त्या शटरला हात लावून पुढे झाली.

पहिल्या रविवारी मी लवकर जेवले. पंखा बंद केला. तुझ्या खुर्चीत बसायला मला वेळ लागला, पण बसले. फोन आला.

"आत्या, खरं सांग."

मी सांगितले. उजवा गुडघा दुखतो. डाळीत मीठ दोनदा पडले, तरी खाल्ली. काल दुपारी दोन कप चहा केला आणि दुसरा ओतून द्यावा लागला. बाबांचा टॉवेल अजून दांडीवर आहे, धुतला तर त्याचा वास जाईल. दार वाजले की मी "दिगू, बघ रे" म्हणते. इतके खरे मी सलग कधी कुणाला सांगितले नव्हते.

मग ती म्हणाली, "गुडघा डॉक्टरला दाखव. पुढच्या रविवारी विचारणार मी. टॉवेल राहू दे." आणि थोड्या वेळाने, "आता बाबांचं."

मी खिडकीबाहेर पाहिले. शटर बंद होते. पायरीवर स्कूटर होती.

"आत्या?"

नीट बघ.

तू बोललास असे मी म्हणणार नाही. मला आठवले असेल. पण पुढचे मी जसे घडले तसेच लिहिते. पंखा बंद असलेल्या त्या शांततेत खालून, कोपऱ्यावरून, बशीवर कप टेकवल्याचा आवाज आला. आपल्या स्वयंपाकघरात कुणी नव्हते. खालच्या बिऱ्हाडाला कुलूप होते.

"हॉटेल उघडं आहे," मी म्हणाले.

"गर्दी आहे?"

"फार नाही. पंख्याखालचं टेबल भरलंय. चाचा बरणी पुसतायत."

"आणि बाबा?"

"खांबाजवळ बसलाय. पाठ इकडे आहे."

"तोंड दिसत नाही?"

"नाही. बशीत चहा ओतलाय. अजून उचलली नाही."

"गरम असेल."

"हो. वाफ आहे."

"आत्या, त्यांना सांग, माझी फायरिंग पुढच्या..."

शिटी वाजली. फोन बंद झाला.

मी खिडकीतून वाकले आणि कोपऱ्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "दिगू, तिची फायरिंग पुढच्या आठवड्यात आहे!" खालचा भाजीवाला दचकून वर बघत म्हणाला, "क्या होना अम्मा?" मी म्हटले, काही नको. फायरिंगमध्ये ती पास झाली. तेही मी तुला खिडकीतूनच सांगितले. भाजीवाला आता वर बघत नाही.

आता उत्तर. खोटे म्हणजे काय, हे आधी ठरवले पाहिजे. नसलेली गोष्ट ऐकणाऱ्याला खरी वाटावी म्हणून सांगितली तर ते खोटे, ही व्याख्या मी घेते. हॉटेल उघडे आहे हे रेणूने कधी खरे मानले नाही, आणि तिने ते मागून मागून घेतले. म्हणून ते खोटे नव्हते. तू तिला दूरच्या गावी बसायला एक टेबल दिलेस. पण तू पायी गेलास आणि पायी आलास, हे तिने खरे मानले. ते खोटे होते, दिगू. आणि समोर बसलेल्या माझ्या गप्प राहण्याने ते पटण्यासारखे झाले. एकाच वाक्याचे दोन तुकडे तू एकाच आवाजात सांगितलेस आणि पोरीला ते वेगळे करता आले नाहीत. तिला शेवटचे भेटता आले असते. हे मी तुला माफ करू शकलेले नाही. तू मला पूर्ण गुण मागितलेस तर मी देणार नाही. पण तुझी पाटी पुसणारही नाही. ती मला रविवारी लागते.

उरतो तो आवाज. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तो आला. इतर वारी त्याच वेळी, पंखा बंद करून, त्याच खुर्चीत बसून मी तपासले. येत नाही. माझे वय झाले आहे, दुःख ताजे आहे, आणि मला तो ऐकायचा आहे, म्हणून माझी साक्ष मी पुरेशी धरत नाही.

वाचकांना माझी विनंती आहे, की माझ्या शब्दावर विसंबू नये. कोपऱ्यावरचे ते शटर अजून आहे, इमारत पाडायला घेतलेली नाही. रविवारी दुपारी, जेवणे झाल्यावर, त्या पायरीशी थोडा वेळ उभे राहावे. वर पहिल्या मजल्यावर खिडकीत एक म्हातारी बाई फोनवर बोलत असेल, तिच्याकडे लक्ष देऊ नये. कान शटरकडे ठेवावा. काही ऐकू आले तर वर येऊन सांगावे. काही आले नाही तर तेही, मला झेपणार नाही म्हणून न झाकता, सांगावे. घाई करू नये. नीट बघावे.